होळीच्या आधी कूलर आणि एसी : नेमके काय तपासावे?

ऊनसावली (प्रश्न)

नमस्कार. माझे माहेर नागपूरचे असून मी नोकरीनिमित्त पुण्यात राहते. आईबाबा दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. घर स्वतंत्र आणि तळमजल्याचे आहे, आणि त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर ऊन असते. बैठकीच्या खोलीच्या खिडकीबाहेर लोखंडी पत्र्याचा मोठा कूलर आहे. बाबांनी तो पंधराएक वर्षांपूर्वी ओळखीच्या कारागिराकडून बनवून घेतला होता. झोपण्याच्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी असून त्याचा हा सहावा उन्हाळा आहे. आजवर होळी झाली की बाबा कूलर पुसायचे, नव्या ताट्या (कूलरच्या बाजूंना लावायचे, पाण्याने भिजणारे पॅड) बसवायचे आणि पाणी भरून तो सुरू करायचे. आता त्यांच्याकडून ते होत नाही, म्हणून यंदा होळीच्या आधी चार दिवस रजा घेऊन मीच जाणार आहे.

माझ्या तीन अडचणी आहेत. पहिली अशी की गेल्या मे महिन्यात कूलरच्या पत्र्याला ओला हात लागला की झिणझिण्या येत असत. चप्पल घालून हात लावावा, असे शेजाऱ्यांनी सुचवले आणि उन्हाळा तसाच निघून गेला. दुसरी अडचण एसीची आहे. सलग तीन वर्षे मेकॅनिक येतो, गॅस कमी झाला असे सांगतो, गॅस भरून पैसे घेऊन जातो, आणि पुढच्या एप्रिलपर्यंत एसी पुन्हा नुसता वारा देऊ लागतो. तिसरी अशी की बोअरच्या पाण्यामुळे कूलरच्या ताट्यांवर पांढरा थर चढतो आणि पाण्याला वास येतो. त्यात गेल्या पावसाळ्यात आईला डेंग्यू झाला होता, त्यामुळे घरात साठलेले पाणी दिसले की माझ्या मनात धास्ती बसते.

कूलर काढून टाकून बैठकीतही एसी बसवावा का, की आहे तेच नीट करून घ्यावे? चार दिवसांत मला स्वतःला काय करता येईल आणि कोणते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे, हे कृपया सांगावे.

मोठी वायर

ताई, मी वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस आहे. बाकीच्या दोन अडचणी बाजूला ठेवून आधी पहिलीबद्दल लिहितो, कारण ती थांबू शकत नाही. झिणझिण्या येणारा कूलर हा अपघात व्हायचा बाकी राहिलेला कूलर आहे. तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत आईबाबांना त्याचा प्लग काढून ठेवायला आजच फोनवरून सांगा. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे जातात, त्यांत लहान मुले आणि कूलरमध्ये पाणी भरणाऱ्या गृहिणी असतात, आणि बहुतेक घरांत आधी काही दिवस झिणझिण्या जाणवलेल्या असतात. चप्पल हा त्यावरचा उपाय नाही. ओल्या फरशीवर भिजलेली चप्पल संरक्षण देत नाही आणि दुसरा हात खिडकीच्या गजाला लागला की चपलेचा संबंधच उरत नाही.

पत्र्यात वीज उतरते ती साधारण तीन ठिकाणांहून. पाण्यात बुडालेल्या पंपाचे सील जाते. पंपाच्या तारेला मारलेला जोड टाकीत लोंबकळून ओला होतो. किंवा पंख्याच्या मोटरचे वाइंडिंग (आतील तारेचे वेटोळे) दमटपणाने खराब होऊन बॉडीला लागते. यांपैकी काहीही झाले तरी अर्थिंग जिवंत असेल तर ती वीज जमिनीत जाते आणि माणूस वाचतो. म्हणजे तुमच्या घरी दोन दोष एकत्र आहेत : वीज गळते आहे आणि अर्थिंगही तुटलेले आहे. पंप बदलून झिणझिण्या थांबल्या तर पहिलाच दोष दूर झाला, दुसरा तसाच राहिला, हे कृपया लक्षात ठेवा.

परवानाधारक वायरमनला बोलावून पुढील कामे त्याच्याकडूनच करून घ्या. पंप नवा घ्यावा, त्याची तार सलग असावी आणि जोड द्यावाच लागला तर तो टाकीच्या बाहेर, उंचावर, बंद डबीत असावा. पंख्याच्या मोटरचे इन्सुलेशन मेगर नावाच्या मापकाने मोजावे. ते 1 मेगाओहमपेक्षा कमी भरले तर मोटर पुन्हा गुंडाळून घ्यावी किंवा बदलावी. कूलरला तीन पदरी तार आणि तीन पिनचा प्लग हवा, आणि तिसरी हिरवी तार पत्र्याला रंग खरवडून, बोल्टने घट्ट बसवलेली हवी. सॉकेटमधील अर्थ खरोखर जमिनीपर्यंत पोहोचतो का, हे मोजूनच ठरवावे. काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून मोकळे होतात. तसे कोणालाही करू देऊ नका, कारण न्यूट्रल तुटला की संपूर्ण पत्र्यात वीज येते.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. ज्या महिन्यांत कूलर चालतो, नेमके त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे असते. मार्च ते जून त्या खड्ड्यात आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतायची सवय आईबाबांना लावा.

आणि घराच्या मुख्य बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. बोर्डात एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारे बटण) आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण 10 अँपिअरचा एमसीबी 10 अँपिअरच्या आतला प्रवाह दोष मानत नाही, आणि माणसाचे हृदय थांबवायला त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. आरसीसीबी गळणारी वीज ओळखून क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून बघावे. दाबल्यावर वीज गेली नाही तर ते उपकरण निकामी झाले आहे, असे समजावे. हे सगळे झाल्यावरही पाणी भरताना, ताटी काढताना आणि टाकी पुसताना प्लग काढलेलाच असला पाहिजे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

वाळ्याची ताटी

मी अकोल्याचा आहे आणि आमच्या घरी वडिलांच्या काळापासून कूलर आहे. विजेचे काम वर सांगितल्याप्रमाणे झाले की कूलर काढून टाकण्याचे मला काहीच कारण दिसत नाही, आणि त्याचे कारण हवेतच आहे. पाणी वाफ होताना हवेतील उष्णता घेते, आणि हवा जितकी कोरडी तितके जास्त पाणी उडते. मे महिन्यातील दुपारी हवा 45 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक 24 अंशांच्या आसपास स्थिरावतो. चांगल्या ताट्यांचा कूलर या 21 अंशांच्या अंतरापैकी साधारण 80 टक्के अंतर कापतो, म्हणजे खोलीत येणारा झोत 28 अंशांच्या जवळपास असतो. एसीच्या तुलनेत वीज फार थोडी लागते आणि ताजी हवा मिळते. मृगाचा पाऊस पडला, हवा 32 अंश आणि आर्द्रता 80 टक्के झाली की मात्र तोच तापमापक 29 दाखवतो, तेव्हा कूलर नुसता दमटपणा वाढवतो. म्हणून बैठकीत कूलर, झोपण्याच्या खोलीत एसी, ही तुमच्या घराची विभागणी योग्यच आहे. दोन्ही एकाच खोलीत एकाच वेळी मात्र लावू नयेत. कूलरने हवेत सोडलेले पाणी एसीला पुन्हा बाहेर काढावे लागते.

आता पांढऱ्या थराविषयी, कारण कूलरचे खरे दुखणे तेच आहे. वाफ होते ते पाणी. त्यातील क्षार मागे राहतात. बोअरच्या एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार धरले आणि कूलरने दिवसाला शंभर लिटर पाणी उडवले, तर रोज पन्नास ग्रॅम आणि महिन्याला दीड किलो क्षार ताट्यांवर आणि टाकीत साचतात. आपण वरून पाणी भरत राहतो, टाकी कधीच रिकामी करत नाही, त्यामुळे मेअखेरपर्यंत टाकीतले पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारट झालेले असते. यावर कोणतेही द्रावण किंवा गोळी आणण्याची गरज नाही. आठवड्यातून एकदा टाकीचे बूच काढून सगळे पाणी सोडून द्यावे आणि ताजे भरावे, एवढ्याने थर निम्म्याहून अधिक कमी होतो आणि वासही जातो. नळाचे पाणी पुरेसे असेल तर निदान कूलरपुरते तेच वापरावे.

तुमच्या चार दिवसांपैकी पहिला दिवस टाकीला द्या. जुन्या ताट्या काढून फेकाव्यात, टाकी तारेच्या ब्रशने गंजासकट खरवडावी, क्षार घट्ट बसले असतील तिथे सायट्रिक आम्ल कोमट पाण्यात कालवून तासभर ठेवावे आणि मग स्वच्छ धुऊन पूर्ण वाळू द्यावे. गंजलेल्या जागी रेड ऑक्साइड आणि तो सुकल्यावर आतून डांबरी काळा रंग द्यावा. रंग नीट वाळायला दोन दिवस लागतात. घाईने पाणी भरले तर तो पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणूनच हे काम पहिल्या दिवशी करायला सांगतो आहे.

ताट्या वाळ्याच्या घ्याव्यात की लाकडी भुशाच्या की मधाच्या पोळ्यासारख्या कागदी, यावर आमच्याकडे घरोघरी वाद होतो. वाळ्याचा सुगंध मला स्वतःला अतिशय प्रिय आहे आणि त्याची पहिली झुळूक आली की उन्हाळा सुसह्य वाटतो, पण जड पाण्यात वाळा लवकर आखडतो, हे मान्य केले पाहिजे. लाकडी भुसा दर वर्षी बदलावाच लागतो. कागदी पॅड महाग असले तरी पाणी वेळेवर बदलल्यास काही वर्षे टिकतात. तुम्ही काहीही निवडले तरी एक गोष्ट पाहा : भुसा भिजला की खाली बसतो आणि ताटीच्या वरच्या भागात फट पडते. हवा नेहमी सोपी वाट धरते. एवढ्याशा फटीतून गरम हवा न भिजता आत शिरते आणि कूलर थंड करत नाही अशी तक्रार सुरू होते. दोन आठवड्यांनी ताटी उघडून भुसा वर सारून घ्यावा.

वरच्या पन्हाळीची भोके दाभणाने मोकळी करा, आणि कूलर पाणसळ लावून समपातळीत आहे का पाहा, नाहीतर एक ताटी चिंब आणि दुसरी कोरडी राहते. पंख्याच्या बुशात मशीनच्या तेलाचे चार थेंब घाला. पंखा हाताने ढकलल्याशिवाय फिरत नसेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, तो वायरमन पाच मिनिटांत बदलतो. शेवटचे म्हणजे, कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवायला आईबाबांना सांगा. दारे-खिडक्या बंद करून कूलर लावणारी ज्येष्ठ मंडळी मी फार पाहिली आहेत. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर तासाभरात खोली दमट होऊन घुसमट होते.

शीतयंत्र

मी वीस वर्षे एसीची दुरुस्ती करतो, म्हणून फक्त दुसऱ्या अडचणीवर लिहितो. एसीतील गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरत राहतो आणि नळी कुठे फुटली नसेल तर यंत्राच्या आयुष्यभर पुरतो. गॅस तीन वर्षांत तीनदा भरला असेल तर दोनच शक्यता उरतात : गळती आहे आणि ती कोणी शोधली नाही, किंवा गॅस कमी झालाच नव्हता आणि एसी केवळ धुळीने गुदमरला होता.

म्हणून कोणालाही बोलावण्याआधी तुम्ही स्वतः दोन गोष्टी करा. आतल्या युनिटची जाळी काढून नळाखाली धुवा आणि सावलीत वाळवून बसवा. उन्हाळ्यात हे दर पंधरा दिवसांनी व्हायला हवे. त्यानंतर मुख्य वीज बंद करून बाहेरच्या युनिटची मागची जाळीदार बाजू पाहा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात सावरीचा कापूस उडतो आणि तो या पातळ पत्र्यांवर गोधडीसारखा बसतो. साध्या नळीने, कमी दाबाने, वरून खाली पाणी सोडून तो काढावा. जास्त दाबाने पत्रे वाकतात. एसीची क्षमता बाहेर 35 अंश तापमान धरून मोजलेली असते. नागपूरच्या 45 अंशांत दीड टनाचा एसी मुळातच दीड टनाचे काम करत नाही, आणि त्यात बाहेरचे युनिट घाणीने झाकलेले आणि पश्चिमेच्या उन्हात असेल तर तो नुसता वारा देतो आहे, असे वाटणे साहजिक आहे. युनिटवर थोडे छत करावे, पण पंख्यासमोर आणि मागे हवा मोकळी राहिली पाहिजे.

हे करूनही फरक पडला नाही, तर एसी पंधरा मिनिटे चालवून आतल्या युनिटमध्ये शिरणारी आणि त्यातून निघणारी हवा साध्या तापमापकाने मोजा. फरक 8 ते 12 अंश असेल तर गॅस ठीक आहे. फरक बराच कमी असेल किंवा बाहेरच्या युनिटजवळच्या बारीक नळीवर बर्फ धरत असेल, तर मेकॅनिकला बोलवा. मात्र गॅस भरून द्या, असे म्हणू नका. गळती शोधून द्या, असे म्हणा. योग्य पद्धत अशी की नळ्यांत नायट्रोजन दाबाने भरायचा, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहायचे, दाब काही तास टिकतो का बघायचे, गळकी जागा दुरुस्त करायची, मग व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि ओल काढायची आणि शेवटी युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. गळती बहुतेक वेळा नळीच्या नटाशी किंवा आतल्या कॉइलच्या वळणावर सापडते. वजनकाटा न आणणाऱ्या माणसाला गॅस भरू देऊ नका. सहा वर्षांपूर्वीचा एसी असेल तर त्यात बहुधा आर-32 किंवा आर-410ए या प्रकारचा गॅस असेल. पाटीवर वाचून खात्री करावी. आर-32 सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे तो नळीत असताना जोडाला गॅसची ज्योत लावणे धोक्याचे असते.

पाणी जाणारी नळीही एकदा फुंकून मोकळी करून घ्या. तिच्यात शेवाळ साचले की पाणी भिंतीवर उतरते आणि लोक त्यालाही गॅसचाच दोष मानतात.

स्वच्छ हंडा

मी आरोग्य विभागात कीटकजन्य आजारांवर काम करते. ताई, तुमच्या आईंचा डेंग्यू कूलरमुळेच झाला असे म्हणता येणार नाही, कारण फुलदाणी, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचे टायर, यांपैकी काहीही कारण असू शकते. तरीही कूलरकडे आमचे लोक सर्वांत आधी जातात, आणि तेही उन्हाळ्यात नव्हे, तर पावसाळ्यात.

डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओल्या भिंतीला चिकटवते. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला आम्ही सांगतो. पण या अंड्यांचा खरा चिवटपणा असा की ती वाळली तरी कित्येक महिने मरत नाहीत आणि पुन्हा पाणी मिळाले की उबतात. जून संपता संपता लोक कूलर बंद करतात, पण टाकीत तळाला चार बोटे पाणी तसेच असते. त्यात पावसाचे पाणी पडते. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत त्यात डास होत राहतात आणि नंतर टाकी आटली की कडांवर अंडी उरतात. पुढच्या होळीला पाणी भरले की पहिली पिढी तिथूनच निघते.

म्हणून नुसते पाणी सोडून देणे पुरत नाही. टाकीच्या आतल्या कडा, विशेषतः पाण्याची रेघ दिसते तो पट्टा, काथ्याने किंवा कडक ब्रशने घासून काढला पाहिजे. यंदा तुम्ही टाकी खरवडणारच आहात, त्यामुळे जुनी अंडी जातील. जुन्या ताट्या मात्र गच्चीवर किंवा अंगणात टाकून ठेवू नका. आणि माझी कळकळीची विनंती अशी की कूलर सुरू करण्यासाठी जशी रजा घेता, तशीच तो बंद करण्यासाठीही घ्या. पहिला दमदार पाऊस झाला की टाकी रिकामी करणे, घासणे, कोरडी पुसणे, ताट्या काढणे आणि कूलर वरून झाकणे हे काम अर्ध्या दिवसाचे आहे.

ऊनसावली

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. नागपूरला जाऊन आले आणि जे आढळले ते इथे लिहिते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

वायरमनने कूलर उघडला तेव्हा पंपाच्या तारेचा जोड साध्या चिकटपट्टीत गुंडाळून टाकीतच पडलेला होता, आणि सॉकेटमधील अर्थची तार भिंतीच्या आत तुटलेली निघाली. मागची किती वर्षे ती तशी होती, हे कोणालाच सांगता येईना. बाबा बराच वेळ त्या जोडाकडे पाहत बसले, कारण तो त्यांनीच मारला होता. आता नवा पंप, नवी तार आणि आरसीसीबी बसला आहे, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याचे काम त्यांनी स्वतःहून मागून घेतले आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला चाचणीचे बटण दाबायचे, असे दिनदर्शिकेवर लिहून ठेवले.

एसीचे बाहेरचे युनिट कापसाने आणि धुळीने पूर्ण झाकलेले होते. ते धुतल्यावर हवेतील फरक 6 अंशांवरून 7 अंशांवर आला, म्हणजे अपुराच राहिला. दुसऱ्या मेकॅनिकला गळती शोधून द्या, असे सांगितल्यावर त्याने आधी कुरकुर केली, पण नायट्रोजन आणला, आणि बाहेरच्या युनिटच्या जाड नळीच्या नटाशी फेस आला. नळीचे तोंड नव्याने करून, व्हॅक्यूम करून त्याने काट्यावर मोजून गॅस भरला. आता फरक 11 अंश आहे.

टाकीला रंग दिला आहे. ताट्या आईच्या आग्रहाने वाळ्याच्याच घेतल्या. आठवड्याचे पाणी बदलण्यासाठी घरी कामाला येणाऱ्या मावशींना प्लग काढण्यासकट सगळे दोनदा करून दाखवले. जूनच्या तिसऱ्या आठवड्याची रजाही टाकली आहे. कूलर झाकण्यासाठी प्लास्टिक वापरावे की कापड, एवढे कोणी सांगेल का?

वाळ्याची ताटी

जाड सुती कापड किंवा गोणपाट आधी आणि त्यावर ताडपत्री, असे झाका, पण ताडपत्री खालून घट्ट बांधू नका. नुसते प्लास्टिक चारी बाजूंनी आवळले तर आत वाफ धरते आणि पत्रा पावसाळ्यातच गंजतो. टाकीचे बूच काढून ठेवा, म्हणजे आत पाणी गेले तरी साचणार नाही. पंप बाहेर काढून, स्वच्छ पाण्यात पाच मिनिटे चालवून, वाळवून घरात ठेवा. क्षार भरलेला पंप तसाच ठेवला तर पुढच्या मार्चमध्ये तो फिरत नाही.